गणपती कुणी खाल्ला?

पुढं जाणारा आणि मागं न येणारा डोझर म्हणजे जुन्या काळची नवी नवरी. गेली ती गेली. नवरीचं एक वेळ ठीक आहे. रडून, भेकून, चार भांडी आपटून का होईना, ती रुळते. डोझर रुळत नाही. त्याचं सगळं पोट मागं येण्यावर असतं. समोरच्या पात्यानं माती ढकलत न्यायची, टाकायची, मग मागं यायचं आणि पुन्हा ढकलायची. मागं येताच येत नसेल, तर तो एकदा माती ढकलतो आणि दुसऱ्याच्या बांधात जाऊन उभा राहतो.

आमचा तसाच उभा राहिला. मिरजगावच्या अलीकडं एका रानात सपाटीकरणाचं काम चाललं होतं. माझ्या लेकानं पुढं ढकललं, रिवर्स टाकला, इंजिन गुरगुरलं आणि चेन जागची हलली नाही. शेजाऱ्याच्या बांधाला नाक लावून आमचं मशीन खालमानेनं उभं. शेवटी दुसऱ्याचं मशीन बोलावून, साखळी लावून त्याला मागं ओढलं. घरी आला तो पुढच्याच गिअरवर आला आणि शेडच्या तोंडाशी जो थांबला तो थांबला.

तो डोझर माझ्या संसाराएवढा जुना. लग्न झालं त्याच वर्षी आमच्या ह्यांनी कुठल्याशा कालव्याच्या कामावरून तो लिलावात घेतला. म्हणजे त्या वर्षी घरात दोन नव्या गोष्टी आल्या, एक मी आणि एक तो. बघायला गाव लोटलं ते त्याला. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो आधी त्याच्यावरून, उरला तो माझ्यावरून. तेव्हापासून आमची सवत म्हणून मी त्याच्याकडं बघत आले. सवत आजारी पडली की मनात जे होतं ते मला झालं. तोंडानं ‘अरेरे’ म्हटलं आणि मनात म्हटलं, बरं झालं.

पण हे बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही, ते का ते सांगते.

आधी मशीनवर सगळ्यांचे उपचार झाले. लेकानं पहिल्यांदा गिअरबॉक्सच्या तेलाची कांडी ओढून बघितली, तेल कमी दिसलं म्हणून वरून ओतलं. रिवर्स पडला नाही, उलट तेलाला साबणासारखा फेस आला. मग नगरहून मेस्तरी आला. चांगला, जुना माणूस. त्यानं कांडी बघितली आणि लेकावर खेकसला.

“इंजिन बंद ठिऊन बघितलं व्हय रं? आरं, हे इंजिनचं तेल न्हवं. इंजिन चालू पायजे, तेल गरम पायजे, गिअर न्यूट्रलला पायजे. मगच कांडी खरं बोलती. बंद इंजिनात कांडी थापा मारती.”

त्यानं जास्तीचं तेल काढलं, फिल्टर बदलला, जुना फिल्टर फाडून उन्हात धरला. आत लोखंडाचा चुरा नव्हता. तरी रिवर्स पडेना. मग तो बॉनेटवर हात ठेवून, आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तसं बोलला.

“आता गिअरची पेटी खोलावी लागंल. रिवर्सच्या क्लचच्या प्लेटा गेल्या असत्याल. पन खोलून करू काय? हिचं सामान आता मिळत न्हाई. एकदा खोलली का परत बसायची न्हाई.”

लेकानं मग भंगारवाल्याला फोन लावला. त्याचाही दोष नाही. तो नवीन खोदायचं मशीन चालवतो. त्याला दोन बोटांत धरायच्या काड्या आहेत, गार हवा आहे, गाणी आहेत. त्याला हा म्हातारा कशाला हवा? येत्या बाजारच्या दिवशी ट्रेलर येणार असं ठरलं. मी विचारलं, “अरे, पन त्यो ट्रेलरवर चढनार कसा?”

“चढंल की. चढायला पुढचाच गिअर लागतो, आई. रिवर्स लागत न्हाई.”

खरंच आहे. भंगारात जायला रिवर्स लागत नाही.

आमच्या ह्यांना विचारलं तर ते एकच शब्द बोलले, “विका.” पुन्हा त्यावर बोलणं नाही. पण मी त्यांच्या चहाकडं बघत होते. ते रोज सकाळी कपबशी घेऊन काठी टेकत शेडमध्ये जायचे, डोझरच्या चेनवर बसायचे आणि तिथं बशीत ओतून चहा प्यायचे. गुडघे गेल्यावर चालवणं सुटलं, तरी चहा सुटला नव्हता. ‘विका’ म्हटल्यानंतर ते शेडकडं फिरकले नाहीत. पहिल्या दिवशी चहा ओट्यावर गार झाला. दुसऱ्या दिवशी गार झाला. तिसऱ्या दिवशी मी तो पुन्हा गरम करून दिला तर म्हणाले, “नगं, तोंडाला चव न्हाई.” आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

सवतीचं काय व्हायचं ते होवो, पण माझ्या हातचा चहा गार झालेला मला चालत नाही. आणि माणूस भिंतीकडं तोंड करून पडायला लागला की त्याला उठवणं फार अवघड. हे मी माझ्या सासऱ्यांच्या वेळी बघितलंय. ट्रेलर डोझर नेणार आणि मागं भिंतीकडं बघणारा म्हातारा माझ्या गळ्यात ठेवून जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

मी शेडमध्ये गेले. मेस्तऱ्यानं काढलेलं तेल डब्यात तसंच होतं. बोट बुडवलं, वास घेतला. गोडसर, ताजा वास. प्लेटा जळल्या असत्या तर तेल करपलं असतं. आमच्या ह्यांचं एक मशीन पूर्वी तसं जळलं होतं, त्याचा वास आठ दिवस त्यांच्या सदऱ्याला होता आणि तो सदरा मी धुतला होता. करपलेलं तेल मला कुणी शिकवायचं कारण नाही. मग वास नाही, चुरा नाही, तर आत जळलं काय?

इथं मला नवी नवरी असतानाची मी आठवली, आणि तिच्याविषयी चार शब्द बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

ती मॅट्रिक झालेली होती. आमच्या वस्तीवर मॅट्रिक झालेली सून दुसरी नव्हती, त्यामुळं तिचं नाक कायम आढ्याला. इंग्रजी येतं असा तिचा स्वतःविषयी समज होता. एकदा आमचे हे डोझरच्या खाली निजून काहीतरी पिळत होते आणि वर बसायला कुणी नव्हतं. मला म्हणाले, “वर बस. मी रिवर्स म्हनलं की रिवर्स करायचं. कळतं का रिवर्स?”

“मॅट्रिक झालेय मी,” असं म्हणून ती बया थाटात वर जाऊन बसली.

खालून आवाज आला, “रिवर्स!”

रिवर्स म्हणजे उलट. हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उठली, पदर सावरला, सीटवर उलटी फिरून पाठीकडं तोंड करून बसली आणि पुढच्या हुकमाची वाट बघू लागली.

“रिवर्स, रिवर्स!”

“केलं की!”

हे तेलानं माखलेलं तोंड घेऊन बाहेर आले, वर बघितलं. मी मागच्या बाभळीकडं बघत ताठ बसलेली. “अगं, तू न्हवं! गिअर! गिअर रिवर्स कर!” रानात काम करणारी माणसं पोट धरून हसली. पुढं वर्षभर मी विहिरीवर गेले की कुणीतरी म्हणायचंच, “वहिनी, जरा रिवर्स बसा की.”

पण त्याच दिवशी ह्यांनी मला गिअर शिकवला. हसायचं थांबल्यावर, इंजिन बंद करून, माझा हात लिव्हरवर ठेवून म्हणाले, “डोळं मीट. आता सरकव.” मी सरकवला. आतून आवाज आला, टक्. “हां. गिअर डोळ्यानं बघायचा न्हाई, कानानं ऐकायचा. टक् झालं म्हंजी लागला. टक् न्हाई झालं, तर लिव्हर कितीबी मागं जाऊंदे, गिअर लागला न्हाई.” आणि दुसरं एक सांगितलं, ते मला संसारातसुद्धा उपयोगी पडलं. “बिघाड झाला का आधी बघायचं, भांडान वरल्या मजल्यावर हाय का खालच्या. लिव्हर, रॉड, बिजागऱ्या हा वरला मजला. पेटी हा खालचा. मधली पिन काढायची आन् दोघांना येगळंयेगळं ईचारायचं. वरल्या भांडनापायी खालचं घर फोडायचं न्हाई.”

मेस्तऱ्यानं तेल बघितलं होतं, चुरा बघितला होता. पण तो इंजिन चालू ठेवून लिव्हर हलवत होता, आणि त्या धडधडीत टक् कुणाला ऐकू येणार? लेकानं तर जन्मात टक् ऐकलेलं नाही, त्याच्या काड्या मुक्या. मी मात्र चाळीसेक वर्षं स्वयंपाकघरातून रोज सकाळी, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो आवाज ऐकत आले होते. ऐकत होते हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

दुपारी हे निजले, लेक कामावर गेला. मी सुनेला हाक मारली. सून मला आत्या आणि ह्यांना आबा म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची रीत आहे. ती आधी ट्रॅक्टर चालवायला शिकली आणि मग भाकरी, त्यामुळं माझं तिच्याशी जमतं.

“मला वर चढव.”

“आत्या, पडला तर आबांना काय सांगू?”

“सांग, रिवर्स घ्यायला गेल्ती.”

तिनं आधी किल्ली काढून खिशात घातली, पातं जमिनीला टेकलंय ना ते बघितलं आणि मग मला मागून रेटा देऊन वर बसवलं. गोणी चढवतात तसं. मी सीटवर सरळ तोंड करून बसले, एवढी अक्कल मधल्या काळात आली होती. डोळे मिटले. पुढचा पहिला, टक्. दुसरा, टक्. तिसरा, टक्. न्यूट्रल, टक्. मग रिवर्स.

धप्.

भरलेल्या पोत्यावर मुसळ पडावं तसा आवाज. पुन्हा केलं. धप्.

“लिव्हर तर आला की मागं,” सून म्हणाली.

“आला. पन बोलला न्हाई.”

आता विचारायचं दोघांना वेगळंवेगळं. पिन होती पायाखालच्या पत्र्याखाली. पत्र्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. सुनेनं त्यांच्यावर डिझेल सोडलं, आम्ही दोघींनी चहा घेतला, मग तिनं पान्याला पाईपाचा तुकडा अडकवून अंगाचा भार टाकला. एकेक बोल्ट किंचाळत सुटला. पत्रा उचलला आणि आम्ही दोघींनी आत वाकून बघितलं.

आत आमची भक्ती साठली होती. दर खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ह्या मशीनची पूजा होते. लिव्हरच्या पुढं, पायाखालच्या पत्र्यावर, कारण सगळ्यात सपाट जागा तीच. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. लिव्हरच्या बुडाला मातीपाण्यासाठी रबराचा बूट असतो, तो फाटला होता, आणि त्या फटीतून वर्षानुवर्षांची पूजा खाली झिरपून ग्रीसमध्ये कालवली गेली होती. लालपिवळा चिखल, त्यात झेंडूच्या पाकळ्या, त्यात तांदूळ.

सुनेनं हात घालून पिन काढली. रॉड सुटा झाला. मग पेटीतून बाहेर आलेला छोटा लोखंडी हात तिनं मुठीत धरून मागं दाबला.

टक्!

इतका स्वच्छ, इतका खणखणीत, की शेडच्या पत्र्यावरचं कबूतर उडालं. सुनेनं पुन्हा केलं. टक्. पेटी धडधाकट होती! भांडण वरच्याच मजल्यावर होतं आणि आम्ही खालचं घर फोडून भंगारात घालायला निघालो होतो. गुडघे असते तर मी त्या पत्र्यावर फुगडी घातली असती.

“आत्या, हितं कायतरी अडकलंय,” सून म्हणाली. रॉडच्या टोकाला एक लोखंडी कान आहे, तो रिवर्सला मागच्या पट्टीपर्यंत जायला हवा. कान आणि पट्टीच्या मध्ये ग्रीसचा काळा गोळा बसला होता. शेवटचं बोटभर अंतर तोच खात होता. “खडा दिसतोय.” तिनं पेचकसानं टोकरलं. गोळा सुटून माझ्या पायाशी घरंगळत आला. मी पदरानं पुसला. वरून गोल, खालून चपटा, आणि भेगेत अजून कुंकू.

खडा नव्हता. सुपारी होती.

आता ह्या सुपारीचं मला काय झालं ते कळायला तेव्हाच्या माझ्या अकलेचा दुसरा नमुना सांगावा लागेल. लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. डोझरवर विड्याची पानं मांडली, त्यावर गणपती म्हणून सुपारी ठेवली, पूजा झाली, नारळ फुटला. सासूबाई म्हणाल्या, “आवर गं सगळं.” मी आवरायला घेतलं. पान होतं, सुपारी होती, आणि माहेरी असताना चोरून सुपारी चघळायची मला खोड होती. प्रसादच तर आहे, असं म्हणून टाकली गालात. इतक्यात सासूबाई वळल्या.

“गनपती कुठाय?”

बोलायला तोंड उघडावं तर गालात गणपती. मी मान हलवली. त्यांनी माझा फुगलेला गाल बघितला. “आगं आई गं! हिनं गनपती खाल्ला!” ती आरोळी तीन वस्त्यांवर गेली. दात असे मजबूत, की तोवर विघ्नहर्त्याचे दोन तुकडे झाले होते.

तेव्हापासून घरात कुठली म्हणून सुपारी हरवली, की माझ्या गालाकडं बघायची पद्धत पडली. सासूबाई गेल्या, पण वारसा ठेवून गेल्या. गेल्या खंडेनवमीला सुनेनं डोझरवर पूजा मांडली आणि संध्याकाळी उचलायला गेली तर गणपती गायब. सगळं घर माझ्याकडं वळलं.

“आत्या, खरं सांगा.”

मी कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. “हिला ईचार. हिनं सुपारी फुटती का?”

“चघळली आसंल,” लेक म्हणाला. माझ्या पोटचा लेक! नातवंडं तर कितीतरी दिवस शाळेला जाताना माझ्या पोटाला हात जोडून जायची.

आणि तो गणपती हा असा, दसऱ्यापासून रॉडच्या सांध्यात बसला होता! मशीन हलेल तसा थोडा थोडा आत रुतत गेला. आधी रिवर्स दोनदा ओढावा लागायचा, मग जोर लावावा लागायचा, मग पडेनासाच झाला. विघ्न हरायला ठेवलेला देव स्वतःच विघ्न होऊन बसला. त्याला तरी काय बोलायचं? आम्हीच त्याला फाटक्या बुटाच्या तोंडाशी बसवलं होतं.

सुनेला आधी कुणाच्या पाया पडावं ते सुचेना, गणपतीच्या की माझ्या. शेवटी खाली बसून ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “चुकलं आत्या. दसऱ्यापासनं तुमच्यावर आळ घेतला.”

“नुसतं चुकलं न्हाई चालायचं. आता रोज सकाळी माझ्या पोटाला हात जोडायचं.”

आम्ही चिखल खरवडून काढला, सांधे धुतले, ताजं ग्रीस भरलं, पिन घातली. मग मी ह्यांना उठवायला गेले. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, “चला! रिवर्स लागला!” त्यांनी माझ्याकडं बघितलं ते, हिला उन्हाचा त्रास झालाय, अशा नजरेनं. तरी काठी घेऊन आले. सुनेनं त्यांना वर चढवलं, मी शेजारी टेकले. त्यांनी लिव्हर ओढला. टक् झालं. मी हसून त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांचं तोंड तसंच.

“मला न्हाई येत ऐकू ते,” ते हळूच म्हणाले. “बोटालाबी न्हाई कळत आता. तू हसायलीस म्हंजी लागला आसंल.”

तेव्हा मला सगळं समजलं. वरचा मजला आणि खालचा मजला, हे ज्यानं मला शिकवलं त्यालाच ते कसं सुचलं नाही, हा प्रश्न मला दुपारपासून टोचत होता. सुचलं होतं. मेस्तरी गेल्यावर हे एकटेच शेडमध्ये जाऊन लिव्हर हलवत बसले होते, ते मी बघितलं होतं आणि मला वाटलं निरोप घेतायत. ते टक् ऐकायचा प्रयत्न करत होते. कान त्या इंजिनानं नेले, बोटं त्या थरथरीनं नेली, आणि हे कुणाला सांगायचं? म्हणून म्हणाले, विका.

मी त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला. “सरकवा,” म्हटलं. त्यांनी सरकवलं. टक् झालं तसं मी त्यांच्या तळहातावर बोट मारलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा मारलं. पुढचे तिन्ही, न्यूट्रल, रिवर्स. प्रत्येक वेळी ते विचारायचे, “लागला का?” आणि मी बोट मारायची. दोनचार वेळा झाल्यावर त्यांच्या मिशा हलायला लागल्या. आमच्या ह्यांचं हसू मिशांत सुरू होतं, मग तोंडाला कळतं.

मग मला खाली उतरवून सुनेनं किल्ली दिली. इंजिनानं काळा धूर सोडला, पातं उचललं गेलं, ह्यांनी लिव्हर ओढून माझ्याकडं बघितलं. मी लांबून हात वर केला. आणि ते सगळं धूड, माझी सवत, करकरत मागं सरकलं! कोंबड्या पळाल्या, कुत्रं भुंकायला लागलं, शेजारीण कुंपणाशी येऊन “काय झालं, काय झालं” करायला लागली. मी म्हटलं, “काय न्हाई, आमचं म्हातारं माघारी आलं.”

संध्याकाळी लेकाच्या चहाबरोबर बशीत ती सुपारी ठेवली. त्यानं विचारलं, “हे काय?”

“गनपती. तुझ्या पेटीतल्या क्लचच्या प्लेटा.”

सुनेनं सगळं सांगितलं तसा तो आधी हसला, मग उठून शेडमध्ये जाऊन स्वतः रिवर्स घेऊन आला. परत आल्यावर भंगारवाल्याला कळवायला फोन काढला. मी त्याचा हात धरला.

“कळवू नगं. येऊंदे त्याला.”

“आई, लांबून येतोय त्यो. उगं कशाला?”

“चहापोहे करीन मी. येऊंदे.”

बाजारच्या दिवशी ट्रेलर आला. फाटकात उभा राहिला, मागची फळी खाली टेकवली. आमचे हे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सीटवर बसलेले. मी ओट्यावर, बघायला आलेल्या चार बायका माझ्या भोवती. भंगारवाल्यानं रस्त्यावरून हात हलवला.

“या बाबा, सरळ! पुढं या!”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. डोझर मागं निघाला.

“आवो, पुढं! पुढं या!”

डोझर आणखी मागं. शेडला वळसा, लिंबाखालून, पार रानाच्या कडेला, तालीच्या बांधापर्यंत. काहीसुद्धा काम नव्हतं तिकडं.

“आवो बाबा, उलटं चाललंय त्ये!”

“उलटंच न्यायचंय त्याला,” मी ओट्यावरून ओरडले. “तुमी पोहं खा.”

माणूस भला निघाला. पोहे खाल्ले, सुपारीची गोष्ट ऐकली, दोनदा ऐकली आणि जाताना सुपारीला नमस्कार करून गेला. रिकामा ट्रेलर फाटकातून मागं घेताना त्याचा ड्रायव्हर अडकला, तेव्हा आमच्या ह्यांनी सीटवरून त्याला हात दाखवून वाट काढून दिली. रिवर्स घ्यायला शिकवण्यात आमच्या घराचा हात कोण धरणार?

नगरच्या मेस्तऱ्याला फोन केला तर तिकडून हसण्याचा नुसता खोकला. “आजी, माझ्या पेटीत सगळं पानं हायती, पन सुपारीला लागंल असा पाना न्हाई बघा. चालू इंजिनात बघत राह्यलो, तितं फसलो.” त्यानं मापाचा नवा रबरी बूट पाठवला. तो सुनेनं बसवला. ह्या खंडेनवमीला पूजा बाहेर, चौरंगावर होणार आहे, मशीननं चौरंगापर्यंत यायचं. सुपारी धुऊन देव्हाऱ्यात ठेवली आहे. कुणी पाहुणा आला की मी ती दाखवते आणि मग कवळी काढून दाखवते, म्हणजे पुराव्यात काही कमी राहत नाही.

सकाळचा चहा पुन्हा शेडमध्ये जातो. चहा झाला की हे वर चढतात आणि इंजिन सुरू करायच्या आधी एकेक गिअर टाकून बघतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते. तिकडून आवाज येतो, “लागला का गं?” मी पळी वर करते.

कधीकधी मुद्दाम करत नाही. पोळी लाटत राहते. ते पुन्हा टाकतात, पुन्हा ओरडतात, मग काठी टेकत खाली उतरून पत्र्याखाली वाकून बघतात, गणपती गेला की काय म्हणून. चांगलं वाकू देते. मग पळी वर करते.